आमची सुकट

आपल्या बोलींनी मांजराला फारसे चांगले नाव ठेवलेले नाही. मराठीत मांजर डोळे मिटून दूध पिते, आडवे गेले तर काम बिघडवते आणि उंदराच्या खटल्यात साक्षीदार म्हणून उभे राहते. उर्दूत ते नऊशे उंदीर खाऊन हजला निघते. आमच्या मोहल्ल्यात दुसऱ्याची जमीन दाबून गब्बर झालेल्या एखाद्याने उमऱ्याचे तिकीट काढले की, कट्ट्यावर बसलेल्यांपैकी कोणीतरी हळूच ही म्हण म्हणतोच. ढोंग, चोरी आणि अपशकुन, तिन्हींचे खापर बिचाऱ्या मांजराच्या डोक्यावर.

दीनात मात्र त्याचा दर्जा अगदी निराळा आहे. सर्वांत जास्त हदीसा ज्यांच्याकडून आपल्यापर्यंत आल्या, त्या सहाबींना सारे जग अबू हुरैरा म्हणून ओळखते. हुरैरा म्हणजे मांजराचे पिल्लू. त्यांचे नाव अब्दुर्रहमान होते असे बहुतेक विद्वान सांगतात. पण ते नाव मागे पडले आणि पिल्लाचेच नाव चौदाशे वर्षे टिकले. हजरत अबू कतादा यांची हकीकतही आपण ऐकलेली असते. ते सुनेकडे गेले असता तिने वजूसाठी पाणी ठेवले, तेवढ्यात मांजर आले, आणि त्यांनी भांडे कलते करून आधी त्याला पिऊ दिले. सून चकित झाली, तेव्हा त्यांनी सांगितले की, मांजर नापाक नाही, ते तुमच्या घरात येजा करणाऱ्यांपैकीच आहे, असे खुद्द रसूलुल्लाह (स.) यांनी फर्मावले आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत त्या बाईची गोष्ट आहे, जिने मांजराला कोंडून ठेवले, खायला दिले नाही आणि ते स्वतः शोधून खाईल म्हणून मोकळेही केले नाही. त्या एका मांजरापायी ती जहन्नमची धनी झाली.

अस्तनीवर झोपलेल्या मांजराची झोप मोडू नये म्हणून अस्तनी कापल्याची गोष्टही आपल्याकडे मोठ्या प्रेमाने सांगतात. ती हदीसच्या प्रमाणित संग्रहांत मिळत नाही, म्हणून जाणकार आलिम ती सांगण्याचे टाळतात. जे प्रमाणित आहे तेवढेही पुष्कळ आहे. तेराव्या शतकात मिस्रचा सुलतान बैबर्स याने काहिरातल्या बेवारस मांजरांच्या अन्नासाठी एक बाग वक्फ केली होती असे सांगतात. पुढे बाग हातची गेली, तरी काझीच्या कचेरीत दुपारी मांजरांना खाऊ घालण्याचा रिवाज चालू होता, अशी नोंद एकोणिसाव्या शतकात एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने करून ठेवली आहे.

हे सारे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो, मान डोलावतो आणि बाहेर पडतो. बाहेर, मच्छी मार्केटच्या मागे, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात डोळे न उघडलेली चार पिल्ले ओरडत असतात. ती कोणीतरी पहाटे आणून ठेवलेली असतात आणि आणून ठेवणारा बहुतेक आपल्यातलाच असतो. त्याला विचारले तर तो दुखावतो. "मारत थोडंच आहे? सोडून दिली," असे म्हणतो. या 'सोडून दिली'विषयीच आम्हाला चार गोष्टी सांगायच्या आहेत. आमच्या घरात एक मांजर आली नसती, तर आम्हीही या शब्दापाशी कधी थांबलो नसतो.

* * *

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले असेल; आम्ही ते माडीवरून पाहिले. २००५ चा पूर अनुभवलेला असल्यामुळे आम्ही सामान त्या वेळच्या खुणेच्या वर चढवून ठेवले होते. पाणी ती खूण ओलांडून गेले. अम्मी, आमच्या बेगम, मुलगा, धाकटी लेक आणि आम्ही अशी पाच माणसे वर बसलो होतो. वीज नाही, फोन नाही. खाली कपाटे एकमेकांवर आदळत होती.

गल्लीत एक पट्ट्यापट्ट्यांची मांजरी फिरायची. कोणाचीच नाही आणि सगळ्यांची. जिना बुडायच्या आत ती एक पिल्लू तोंडात धरून वर आली, अम्मीच्या पेटीवर ठेवले आणि परत गेली. दुसरे आणले, ठेवले आणि पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला ती परतली नाही. पाणी ओसरले, चिखल उपसला, गल्लीतल्या सगळ्या माणसांची खबर लागली. तिची लागली नाही. दोन पिल्लांतले एक तिसऱ्या दिवशी गेले. उरलेले एक धाकटीने जुन्या ओढणीत गुंडाळून पोटाशी धरले होते.

मांजर पाळायची असे घरात कोणी ठरवले नव्हते. खालच्या घरात गुडघाभर चिखल, धान्य कुजलेले, दुकानाचा पत्ता नाही, अशा वेळी मांजर पाळण्याचा विचार कोण करतो? त्या दिवसांत कुठून कुठून मदतीच्या गाड्या येत होत्या. पाणी, तांदूळ, बिस्किटे, चटया. जनावरांसाठी डॉक्टरही आले होते. म्हशी-शेळ्यांच्या गर्दीत धाकटी ओढणीतले पिल्लू घेऊन रांगेत उभी राहिली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पिल्लाचे तोंड उघडून दात पाहिले, पाच आठवड्यांचे असेल म्हणाले, आणि ज्या गोष्टी सांगितल्या त्या आम्हाला आजही पाठ आहेत. पिल्लू थंड पडले असेल तर आधी ऊब द्या, मग अन्न. थंड पोटात अन्न पचत नाही. गाई-म्हशीचे दूध देऊ नका, बहुतेकांना ते पचत नाही, हगवण लागते आणि एवढासा जीव हगवणीने एका दिवसात सुकतो. याहून लहान, डोळे मिटलेले पिल्लू असते तर दर दोन-तीन तासांनी मांजरांसाठीचे खास दूध पाजावे लागले असते आणि आई चाटते तसे ओल्या कापसाने पुसून लघवीही करवावी लागली असती. "हिला दात आलेत. तुमचं नशीब चांगलं," डॉक्टर म्हणाले.

मदतीच्या सामानात अंडी होती. उकडलेल्या अंड्याचा बलक कोमट पाण्यात कालवून धाकटीने बोटाने चाटवला. पिल्लू जगले.

नावावरून वाद झाला. धाकटीला 'हुरैरा' ठेवायचे होते. अम्मी म्हणाल्या, "अगो, उद्या ती माशावर झडप घालेल आणि तू हुरैरा हट हट म्हणून ओरडशील. सहाबींच्या नावाची ती बेअदबी होईल." अम्मींनीच मग तिला उचलून उजेडात धरले. बरगड्या मोजून घ्याव्यात असे अंग. म्हणाल्या, "ही तर नुसती सुकट." कोकणात वाळवलेल्या बारक्या कोलंबीला सुकट म्हणतात, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. नाव तेच राहिले. आता तिचे वजन चार किलोच्या वर गेले आहे, पण नाव कोण बदलणार?

* * *

नमाजी घरात मांजर आली की फिकहचा अभ्यास आपोआप होतो. आम्ही कोकणी, म्हणून शाफई. बेगम मिरजेच्या, म्हणून हनफी. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली, पण मसलकावरून आमचे कधी बिनसले नव्हते. सुकटने एके दिवशी वजूच्या बादलीत तोंड घातले, आणि बेगम न्हाणीघरातून ओरडल्या, "क्या जी, बिल्ली मुँह लगाई सो पानी से वजू करते?"

शाफईंकडे मांजराचे उष्टे पाणी पाक आहे, वजूला चालते. हनफींकडेही ते नापाक नाही. पण दुसरे पाणी हाताशी असताना ते वापरणे नापसंत. तिने नुकताच उंदीर खाल्ला असेल, तर प्रश्न वेगळा. तेव्हा पाण्यात आम्ही जिंकलो. पण जानमाजवर तिचे केस दिसले तेव्हा पारडे फिरले. हनफींकडे मांजराचा केस पाक. शाफईंकडे ज्या जनावराचे मांस खात नाहीत त्याचा गळलेला केस नापाक धरतात. मात्र थोडे केस असतील आणि टाळणे कठीण असेल, तर माफी आहे. केसांत बेगम जिंकल्या. शेवटी असा तह झाला की बादलीवर झाकण ठेवायचे, आणि जानमाज नमाज संपली की घडी घालून कपाटात. चार इमामांच्या मतभेदात उम्मतीसाठी रहमत असते असे म्हणतात. आमच्या घरात त्या रहमतीत मांजरही सामील झाली.

लघवीच्या बाबतीत दोन्हीकडे एकच निकाल, ते नापाक. म्हणून पहिल्याच आठवड्यात जिन्याखाली पसरट खोके ठेवून त्यात वाळू भरली. मांजराला हे शिकवावे लागत नाही; दोनदा नेऊन ठेवले की माती उकरून झाकण्याचा त्याचा स्वभाव पुढचे काम करतो. शिकावे लागते ते माणसांना. वाळू रोज साफ झाली नाही, तर मांजर दुसरा कोपरा शोधते आणि दोष तिच्या माथी येतो.

खाण्याचेही तसेच. कोकणातल्या मांजराला मासा मिळाला की झाले, असा समज आहे. नुसत्या कच्च्या माशावर मांजर ठेवू नये. त्यातल्या काही माशांमुळे तिच्या अंगातले एक जीवनसत्त्व नष्ट होते. खारवलेली सुकट तर धुऊन, भिजवूनही बेतानेच. आमच्याकडे तारली किंवा मांदेली बिनमिठाची उकडून, काटा काढून देतात, कधी कोंबडीचे तुकडे, आणि बाकी बाजारातले मांजरांचे तयार खाणे. कुत्र्याचे खाणे मांजराला चालत नाही, कारण टॉरिन नावाचा जो घटक तिला लागतो तो तिचे शरीर पुरेसा बनवू शकत नाही. तो मांसातूनच मिळावा लागतो. कांदा-लसूण घातलेला रस्सा तर मुळीच नको. त्याने तिच्या रक्तातल्या पेशी फुटतात. ताप आला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी चुरून देणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. माणसाला उतार देणारी ती गोळी मांजराला ठार मारते.

दोन महिन्यांची झाल्यावर तिला पहिली लस दिली, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची. रेबीजची लस दरवर्षी चुकवत नाही. मांजराने ओरबाडले तर हसून सोडून देण्याची आपल्याकडे सवय आहे. पण अनोळखी मांजराने चावले-ओरबाडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. हळद-चुन्याचा तिथे उपयोग नाही.

२०२२ च्या हिवाळ्यात थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तेव्हा मोहल्ल्यातल्या बाया एकेक करून अम्मीकडे येऊ लागल्या. "पोटुशी पोर घरात आणि मांजर? बाळ गमवाल." भीती अगदीच पोकळ नव्हती. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक जंतू मांजराच्या विष्ठेतून येऊ शकतो आणि गर्भाला तो घातक आहे. आम्ही लेकीच्या डॉक्टरीणबाईंना विचारले. त्यांनी सांगितले की, मांजर हा जंतू साधारणपणे आयुष्यात एकदाच, पहिल्यांदा लागण झाल्यावर, काही दिवस ते दोन-तीन आठवडे बाहेर टाकते. टाकल्यावर तो दुसऱ्याला लागण्याजोगा व्हायला किमान एक दिवस जातो. म्हणून खोके रोज साफ करायचे आणि पोटुशीने ते करायचे नाही. मांजराला कच्चे मटण द्यायचे नाही. आणि खरा धोका कमी शिजलेल्या मांसातून व न धुतलेल्या भाजीतून जास्त आहे, तिकडे लक्ष द्या. मोहल्ल्यातल्या बाया कबाब अर्धे कच्चे राहिले तरी काही म्हणत नव्हत्या. मांजराला मात्र पोत्यात घालायला तयार होत्या. खोके मुलाने साफ केले. नात सुखरूप झाली. आज ती सुकटच्या शेपटीमागे धावते.

* * *

पण सर्वांत कठीण प्रश्न याच्या आधीच येऊन गेला होता. डिसेंबर २०२१ मध्ये सुकट साधारण सहा-सात महिन्यांची होती. एका रात्री ती लहान मूल रडल्यासारखी ओरडू लागली. जमिनीवर लोळे, दारापाशी जाऊन बसे. कौलांवर दोन बोके हजर. जन्माला येऊन वर्षही झालेले नसताना मांजर आई होऊ शकते. पोटात पिल्ले साधारण नऊ आठवडे राहतात, एका वेळी तीन-चार-पाच होतात, आणि ती दूध पीत असतानाच मांजरी पुन्हा गाभण राहू शकते. वर्षातून दोनदा, कधी तीनदा. आम्ही बोटांवर हिशेब केला. पहिली चार पिल्ले नातेवाइकांत वाटता येतील. दुसरी चार शेजाऱ्यांत. तिसरी चार? तिसऱ्या चारांसाठीच तर सिमेंटचे पोते असते.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका. घरात एकदम शांतता पसरली. अल्लाहने दिलेली गोष्ट काढून टाकायचा आपल्याला हक्क आहे का?

आम्ही मौलानांकडे गेलो. ते आमच्याच मसलकाचे, अभ्यासू आणि सरळ. त्यांनी किताब उघडून दाखवली. शाफई मसलकात इमाम नववींचे मत स्पष्ट आहे: ज्या जनावराचे मांस खातात त्याचे खच्चीकरण लहान वयात चालते, ज्याचे खात नाहीत त्याचे मुळीच नाही. बेगम दाराआड होत्या. त्या म्हणाल्या, "हमारे में तो इजाजत है, मौलाना." मौलानांनी मान्य केले. हनफी फिकहमध्ये फायदा असेल किंवा नुकसान टळत असेल, तर सवलत आहे. मांजरांची संख्या आवरत नसेल आणि त्यांना इजा होत नसेल, तर चालते, असे आजचे अनेक उलेमा सांगतात, हेही त्यांनी सांगितले. पण फतवा दिला नाही. "तुमच्या घरात दोन्ही इमाम आहेत. मी दोन्ही बाजू सांगितल्या. नुकसान कशात जास्त आहे, ते तुम्ही बघा," म्हणाले.

घरी आल्यावर दोन दिवस कोणी विषय काढला नाही. मग तिसऱ्या दिवशी असरनंतर अम्मीच बोलल्या. त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या दादीने एक टोपली त्यांच्या डोक्यावर दिली होती, वर फडके बांधलेले. खाडीपलीकडे सोडून ये म्हणाली. तरीतून जाताना टोपलीतून आवाज येत होता. अम्मींनी ती पलीकडे झाडाखाली ठेवली आणि पळत परत आल्या. दुसऱ्या दिवशी शाळेऐवजी त्या पुन्हा तरीत बसल्या. टोपली तिथेच होती. आवाज नव्हता. "दादी माझी पाच वक्ताची नमाजी होती," अम्मी म्हणाल्या. "तिला कोणी कधी बोल लावला नाही. पोरं सोडली, असंच म्हणायची. मी सत्तर वर्षं तो आवाज ऐकतेय. ऑपरेशनाचा गुनाह असेल तर माझ्या नावावर लिहा. पण या घरातून टोपली पुन्हा जाणार नाही."

त्या वेळी आम्हाला त्या जहन्नमी बाईची हदीस निराळी ऐकू आली. त्या बाईपुढे दोन वाटा होत्या: खायला दे, किंवा मोकळे कर म्हणजे ते स्वतःचे स्वतः शोधून खाईल. मोकळे करणे त्यालाच म्हणायचे, ज्यात जनावर स्वतःच्या पायांनी जाऊन स्वतःचे पोट भरू शकते. मांजराच्या पिल्लाचे डोळे उघडायला सात ते दहा दिवस लागतात. ज्याला दिसत नाही, चालता येत नाही, आईवाचून साधी लघवी होत नाही, त्याला मार्केटमागे ठेवणे हे सोडणे कसे होईल? त्याला टाकणे म्हणतात. कायदाही तेच म्हणतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, उपाशीतापाशी तडफडेल अशा अवस्थेत जनावर टाकून देणे हा गुन्हा आहे. पोत्याचे तोंड बांधणाऱ्याने स्वतःला कितीही दयाळू समजावे, त्या बाईत आणि त्याच्यात फरक भिंतीचा आहे. तिने घरात कोंडले, हा घराबाहेर कोंडतो.

जानेवारी २०२२ मध्ये ऑपरेशन झाले. आदल्या रात्रीपासून तिला उपाशी ठेवले. "रोजा है उसका," बेगम सांगत होत्या. दुपारी भूल उतरायच्या आत ती टोपलीतून घरी आली. या वेळी टोपली घरी येत होती, हे अम्मींनी मुद्दाम दारात उभे राहून पाहिले. टाके चाटू नये म्हणून मुलाच्या जुन्या बनियनला चार भोके पाडून तिला घातले. दोन दिवस ती आमच्यावर रुसून कपाटावर बसली. दहाव्या दिवशी टाके निघाले. रात्रीचे ओरडणे थांबले, बोक्यांनी दुसरी कौले गाठली, आणि सुकट उन्हात पडून राहू लागली.

मोहल्ल्यात चर्चा झालीच. एक हाजीसाहेब आजही भेटले की म्हणतात, कुदरतच्या कामात ढवळाढवळ केलीत. आम्ही त्यांना मान देतो, कारण त्यांच्या बाजूने मोठ्या इमामांची किताब आहे हे आम्हाला माहीत आहे. फक्त एवढेच विचारतो की, हाजीसाहेब, मार्केटमागचे पोते ही कोणाची कुदरत? पण बदलही झाला. आमच्या गल्लीत माशांच्या डोक्यांवर जगणाऱ्या सहा मांजरी होत्या. वर्गणी काढून एकेकीला नेले. मासळीवाल्या मावशींनी पहिली वर्गणी दिली. त्या मुसलमान नाहीत, आणि अबू हुरैरा कोण हे त्यांना ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "रोज पहाटे ते पोतं मीच उघडते. पुरे झालं."

हल्ली शहरांत आपल्या तरुण मुलांना लांब केसांच्या पर्शियन मांजरांचा शौक लागला आहे. हजारो रुपये मोजतात, फोटो काढतात. मांजराची किंमत घेण्याला नापसंती दर्शवणारी रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे; बहुतेक फकीह विक्री जायज मानतात, तरी नापसंतीचा तो सूर विसरू नये. गल्लीत जीव विनामूल्य पडलेला असताना विकत कशाला? आणि मांजर घरात आणण्याआधी हिशेब करावा तो पुढच्या वर्षांचा. नीट सांभाळलेली घरातली मांजर बारा-पंधरा वर्षे जगते. निकाह, नोकरी, परगावी बदली, आखाताचा व्हिसा, या सगळ्यांहून ती जास्त टिकते. ज्यांना पहिली दोन वर्षेच दिसतात, त्यांनी मांजर आणू नये. गल्लीतल्या एखादीला रोज मूठभर खाणे घालावे, एकीच्या ऑपरेशनाचा खर्च उचलावा. त्यातही सवाब आहे.

अम्मी आता ऐंशीच्या घरात आहेत. फजरला उठल्या की आधी सुकटचे ताटले धुतात, मग वजू करतात. मागच्या रमजानात सहरीला बसलो असता त्यांनी अचानक धाकटीला विचारले, "मी नसले तर हिचं कोण बघेल?" धाकटी म्हणाली, "मी." अम्मींनी मान हलवली. "आणि तुझं लग्न झाल्यावर?" धाकटी गप्प झाली. मुलगा म्हणाला, तो बघेल. अम्मींनी त्याला दोनदा म्हणायला लावले, मग पाण्याचा शेवटचा घोट घेतला आणि नियत बांधली.